चुंबकाने पास केलेले एल्बो

पहिला थेंब दिसला तो वेल्डवर नाही, एल्बोच्या, म्हणजे पाइप वळवणाऱ्या तुकड्याच्या, पाठीवर. स्टेनलेसच्या पाइपची तीन इंची लाइन होती, धुलाईचं पाणी टाकीत परत आणणारी. वेल्ड गळला असता तर मी वेल्डरकडे बोट दाखवून मोकळा झालो असतो. पण सलग, गुळगुळीत, चकचकीत अंगावर सुईच्या टोकाएवढं छिद्र आणि त्याखाली ओघळलेली तपकिरी रेघ. क्लॅम्प मारला, रजिस्टरमध्ये नोंद केली आणि विसरलो. आठ दिवसांनी त्याच लाइनवर दुसरा एल्बो गळायला लागला. मग मात्र विसरणं जमेना.

रविवारी लाइन बंद करून पहिला एल्बो कापून काढला आणि उभा चिरला. बाहेरून सुईचं टोक, आत मात्र वाटाण्याएवढी पोकळी. तोंड बारीक, पोट मोठं. असे आठ-दहा खड्डे होते, एकच आरपार गेला होता, बाकीचे वाटेवर होते. खरा धक्का मात्र त्याला चिकटलेल्या पाइपच्या तुकड्याचा होता. तेच पाणी, तेवढीच वर्षं, आणि पाइपची आतली बाजू अजून मंद चमकत होती. एल्बो सडला, पाइप नाही. वळणावर पाण्याचा मार जास्त बसतो, असं कुणीतरी म्हणालं. पण मार बसून झिजलेलं अंग वेगळं दिसतं. ते घोड्याच्या टापेसारखं, प्रवाहाच्या दिशेनं घासलेलं असतं. हे तसं नव्हतं, जागोजागी टोचल्यासारखं होतं. क्लोराइडचं, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या मिठासारख्या क्षाराचं काम.

स्टेनलेस गंजत नाही असं आपण सर्रास म्हणतो. तो गंजतो. फक्त साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम असलं की पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा पापुद्रा धरतो आणि तो आतल्या धातूला झाकून ठेवतो. हा पापुद्रा किती जाड? एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातले जेमतेम दोनचार. ओरखडा गेला तर हवेतला किंवा पाण्यातला ऑक्सिजन घेऊन तो स्वतःच भरून येतो. क्लोराइड मात्र त्याला एखाद्या कच्च्या जागी भोक पाडतं. त्या भोकात ऑक्सिजन पोचत नाही, आतलं पाणी आम्लधर्मी होत जातं, आणि खड्डा स्वतःच स्वतःला खोल करत नेतो. मॉलिब्डेनम घातलं की ही सुरुवातच अवघड होते. ३०४ आणि ३१६ या स्टेनलेसच्या दोन प्रतींमधला खरा फरक हाच: ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, ३०४ मध्ये मुद्दाम घातलेलं नसतं.

आमच्या ड्रॉइंगवर संपूर्ण लाइन ३१६एल (३१६ चाच कमी कार्बनचा प्रकार) लिहिलेली होती. म्हणून एक्सआरएफ गन मागवली. हेअर ड्रायरसारखं दिसणारं हे यंत्र धातूवर टेकवून ट्रिगर दाबला की काही सेकंदांत क्रोमियम, निकेल, मॉलिब्डेनमचे टक्के पडद्यावर येतात. पाइपवर टेकवलं: मॉलिब्डेनम २.१. शेजारच्या रिड्यूसरवर, म्हणजे व्यास कमी करणाऱ्या तुकड्यावर: २.०५. चिरलेल्या एल्बोवर: क्रोमियम १८.२, निकेल ८.१, मॉलिब्डेनम ०.२. मी पुन्हा घासून पुन्हा टेकवलं. तेच. ३०४.

लाइनवर चोवीस एल्बो होते. शिडी लावून प्रत्येकावर गन टेकवत गेलो. सतरा बरोबर, सात चुकीचे. गळलेले दोन्ही त्या सातांतले.

आता कबुली. हे सात एल्बो चार वर्षांपूर्वी लाइनला जोडफाटा काढला तेव्हाचे, आणि स्टोअरच्या दारात ते पास करणारा मीच. पास कसे केले? चुंबक लावून. खिशातला गोल चुंबक एल्बोला चिकटला नाही की माल चांगला, अशी माझी त्या वेळची तपासणी. सर्टिफिकेट होतं, त्यावर ३१६एल छापलेलं होतं, चुंबक घसरून पडला, सही केली. चुंबकाला मॉलिब्डेनममधलं काही कळत नाही हे मला परीक्षेत विचारलं असतं तर मी पानभर उत्तर लिहिलं असतं. ३०४ आणि ३१६ दोन्हींची आतली रचना ऑस्टेनिटिक, म्हणजे चुंबकाला दाद न देणारी, दोन्हीला चुंबक चिकटत नाही. दारात उभं असताना ते आठवलं नाही, एवढंच.

त्याहून वाईट म्हणजे, त्याच खेपेत मी तीन एल्बो परत पाठवले होते. त्यांच्या शिवणीवर चुंबक किंचित ओढला जात होता. आता कळतं की वेल्ड करून बनवलेल्या फिटिंगच्या शिवणीत थोडं फेराइट, म्हणजे पोलादातली वेगळी रचना, मुद्दाम राखतात, नाहीतर वेल्ड थंड होतानाच तडकतो. त्या फेराइटला चुंबक ओढ देतो. ते तीन एल्बो कदाचित अस्सल ३१६एल असतील. मी त्यांना हाकललं आणि बदली आलेले तीन चुंबक न चिकटणारे म्हणून हसत आत घेतले. ज्यांनी माल दिला त्यांचा दोष आहेच, त्यांनाही पत्र गेलं, उत्तर गोलमाल आलं. पण पावतीवर सही माझी.

नवे कशाचे घ्यायचे यावर आठवडाभर चर्चा चालली. पाण्याचं तापमान ४० ते ४५ अंश, क्लोराइड पाचशे ते सहाशे पीपीएम (दहा लाख भागांत तेवढे भाग). ३०४ ला ही जागा झेपणारीच नव्हती. ३१६एल झेपतं, पण फार सैल राहून नाही. एकाने थेट डुप्लेक्स २२०५ चा, म्हणजे साधारण अर्धं ऑस्टेनाइट, अर्धं फेराइट असलेल्या स्टेनलेसचा, आग्रह धरला, आणि त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. खड्ड्यांना तोंड देण्याची ताकद मोजायला पीआरईएन नावाचा आकडा वापरतात: क्रोमियम, अधिक ३.३ पट मॉलिब्डेनम, अधिक १६ पट नायट्रोजन. ३०४ चा येतो १९ च्या आसपास, ३१६एल चा २४ च्या आसपास, २२०५ चा ३५ च्या आसपास. कागदावर डुप्लेक्स जिंकतं. पण सतरा एल्बो आणि सगळा पाइप ३१६एल, मधे सात एल्बो डुप्लेक्सचे, तर कमजोर दुवा पाइपच राहणार. शिवाय डुप्लेक्सच्या वेल्डिंगला उष्णता मोजून द्यावी लागते, नाहीतर ऑस्टेनाइट-फेराइटचा तोल बिघडतो, आणि आमच्याकडे त्याची पात्र ठरवलेली प्रोसिजर नव्हती. आणि पुरावा समोर होता: त्याच पाण्यात ३१६एल चा पाइप धड होता. ठरलं की सात एल्बो ३१६एल चेच, पण टाकीतलं पाणी बाष्पीभवनाने घट्ट होऊ द्यायचं नाही, ठरावीक भाग रोज काढून ताजं पाणी घालायचं. हा दुसरा निर्णय मला पहिल्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो, पण मीटिंगमध्ये त्यावर पाच मिनिटंही गेली नाहीत.

या वेळी ऑर्डर लिहायला मी स्वतः बसलो. मागच्या वेळी लिहिलं होतं ‘एसएस एल्बो ३ इंच, ३१६’. एवढ्यावर काहीही येऊ शकतं. आता लिहिलं: एएसटीएम ए४०३, ग्रेड डब्ल्यूपी३१६एल, क्लास एस म्हणजे सीमलेस, मापं एएसएमई बी१६.९ प्रमाणे, ९० अंश लाँग रेडियस, शेड्यूल (म्हणजे भिंतीची जाडी) १०एस, सोल्यूशन अ‍ॅनिल आणि पिकल केलेले (म्हणजे तापवून झटकन थंड केलेले आणि आम्लाने साफ केलेले), प्रत्येक नगावर हीट नंबर, म्हणजे भट्टीतल्या ओतीचा क्रमांक, कोरलेला, सोबत ईएन १०२०४ चं ३.१ सर्टिफिकेट, म्हणजे कारखान्याच्या तपासणीचा दाखला. खरेदी विभागातला मित्र म्हणाला, ‘एवढ्याशा एल्बोला एवढं रामायण?’ म्हटलं, हो, मागच्या वेळी एका ओळीत उरकलं होतं.

‘एल’ का, हेही सांगतो, कारण तो जाता जाता लावलेला शेपूट समजला जातो. एल म्हणजे कमी कार्बन, साधारण ०.०३ टक्के. ३१६ मध्ये ०.०८ पर्यंत चालतो. वेल्डशेजारचा पट्टा ४२५ ते ८५० अंशांच्या दरम्यान रेंगाळला की कार्बन क्रोमियमला पकडून कणांच्या सीमेवर कार्बाइड बनवतो. त्या सीमेलगत क्रोमियम कमी पडतं आणि वेल्डच्या दोन्ही बाजूंना गंजाची समांतर रेघ उमटते. कार्बनच कमी असला तर हा खेळ सुरू व्हायला फार वेळ लागतो, तेवढ्यात वेल्ड थंड झालेला असतो. गंमत अशी की एक्सआरएफ गनला कार्बन दिसतच नाही, इतका हलका मूलद्रव्य तिच्या आवाक्याबाहेरचा. म्हणजे ती ३१६ सांगते, एल आहे की नाही ते सांगत नाही. त्यासाठी ठिणगी पाडून मोजणारं ओईएस यंत्र लागतं. आम्ही एका हीटमधला एक नग प्रयोगशाळेत पाठवला.

माल आला. गन टेकवली, मॉलिब्डेनम सगळ्यांत दोनच्या वर. हीट नंबर सर्टिफिकेटशी जुळला. मी आनंदात. स्टोअरमधले मामा मात्र व्हर्नियर घेऊन बसले होते. म्हणाले, ‘साहेब, हा जाड वाटतो.’ मोजलं तर भिंत साडेपाच मिलिमीटर. शेड्यूल ४०एस. आमचा पाइप १०एस, म्हणजे ३.०५. बाहेरचा व्यास दोन्हीचा ८८.९ च, म्हणून नजरेला काही कळत नाही, पण आत जवळजवळ अडीच मिलिमीटरची पायरी पडली असती. जाड म्हणजे मजबूत, लावून टाका, असा सूर निघालाच. पण त्या पायरीवर रूट, म्हणजे वेल्डचा सगळ्यात आतला थर, नीट बसत नाही, आणि पायरीच्या कोपऱ्यात पाणी आणि गाळ थांबतो. क्लोराइडला तेच हवं असतं. सातही परत गेले. बारा दिवस गेले. क्लॅम्प गळत राहिला.

शटडाऊनचे तीन दिवस मिळाले. पहिल्याच सकाळी मी फिटरला साध्या लोखंडावर वापरलेली ग्राइंडिंग चकती स्टेनलेससाठी उचलताना पाहिलं आणि थांबवलं. लोखंडाचे कण स्टेनलेसमध्ये रुततात आणि दोन दिवसांत ठिपक्या-ठिपक्यांनी गंज फुटतो. वेगळ्या चकत्या, वेगळे ब्रश, टेबलावर रबराची चटई असा सगळा जामानिमा केला. खुणा करायचे मार्करसुद्धा कमी क्लोराइडचे मागवले होते. या शेवटच्या गोष्टीवर लोक हसले. हसू दे.

वेल्डर अनुभवी होते, सगळे त्यांना दादा म्हणायचे. त्यांनी कापलेली टोकं हाताने चाचपली, कडा फाइलने मोडली, अ‍ॅसिटोनने पुसली, दोन मिलिमीटरचा गॅप ठेवून चार टॅक, म्हणजे तात्पुरते ठिपक्यांचे वेल्ड, मारले. मग पर्जिंग, म्हणजे पाइपच्या आतली हवा काढून आर्गन भरणं. टिग वेल्ड करताना वरून आर्गन मिळतं, पण पाइपच्या आत हवाच असते. तापलेला रूट तिथे हवेला भिडला की साखरेच्या जळक्या खड्यांसारखा खरबरीत होतो. त्या खरबरीत थरात क्रोमियम जळून गेलेलं असतं आणि फटीच फटी असतात. बाहेरून वेल्ड देखणा, आतून रोगट. म्हणून जोडाच्या दोन्ही बाजूंना पाण्यात विरघळणाऱ्या कागदाचे बांध घातले आणि मधल्या जागेत आर्गन सोडलं. आर्गन हवेपेक्षा जड, म्हणून खालून आत सोडायचं आणि वरून हवा बाहेर काढायची. ऑक्सिजन मीटर हळूहळू उतरत होता. पाचशे पीपीएम, दोनशे, शंभर. मी म्हटलं, दादा, करा सुरू. ते मीटरकडे बघत बसले. पन्नासच्या खाली गेल्यावर मग टॉर्च उचलला.

फिलर, म्हणजे जोडात वितळवायची तार, ईआर३१६एल. पातळ भिंतीला दोन पास, म्हणजे वेल्डचे दोन थर, पुरले. दोन्हींच्या मधे दादा वेल्ड १५० अंशांच्या खाली येईपर्यंत थांबायचे. तापमान दाखवणारा खडू लावून बघायचे, वितळला नाही तरच पुढे. पर्ज दुसरा पास होईपर्यंत चालूच. पहिला जोड आम्ही चाचणी म्हणून वेगळ्या तुकड्यांवर केला होता आणि तो चिरून पाहिला. आत रूटवर फिकट पेंढ्याचा रंग, निळा कुठेच नाही. निळा किंवा करडा दिसला तर ऑक्साइड जाड झालं आणि खालचं क्रोमियम घटलं असं समजायचं. तो तुकडा बघून दादा एवढंच म्हणाले, ‘चालेल.’ त्यांच्याकडून ‘चालेल’ म्हणजे पैकीच्या पैकी.

दुसऱ्या रात्री घोळ झाला, आणि तो माझ्या नाकाखाली. पाचव्या एल्बोचा वेल्ड झाल्यावर घाईत कुणीतरी बाजूच्या कामावरचा लोखंडी तारांचा ब्रश फिरवला. सकाळी बघतो तर वेल्डभोवती पिवळसर झाक. वाद नको म्हणून फेरॉक्सिल टेस्ट केली. पोटॅशियम फेरिसायनाइड आणि नायट्रिक आम्लाचं द्रावण कापसाने लावायचं. मोकळं लोखंड असेल तर काही सेकंदांत गडद निळं होतं. आमचा कापूस शाईच्या बाटलीत बुडवल्यासारखा झाला. कुणी केलं ते मी विचारलं नाही. ब्रश तिथे पडू दिला तो मी.

तसंही पिकलिंग करायचंच होतं. पिकलिंग पेस्टमध्ये नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं. ती रंग उडवते, लोखंडाचे कण विरघळवते, क्रोमियम घटलेला थर काढून टाकते, आणि धुतल्यावर उघड्या धातूवर पापुद्रा नव्याने धरतो. या कामात मी कुणाशीच गंमत करत नाही. हायड्रोफ्लोरिक आम्ल त्वचेवर पडलं तर बऱ्याचदा लगेच दुखत नाही, ते आत शिरत जातं आणि मग हाडापर्यंत त्रास देतं. तोंडावर पूर्ण शील्ड, आम्लाचे हातमोजे, आणि हाताशी कॅल्शियम ग्लुकोनेट जेल. जेल नसेल तर पेस्टचं झाकण उघडायचं नाही, हा नियम मी कागदावर लिहून डब्यालाच चिकटवला. पेस्ट लावली, डब्यावरच्या वेळेप्रमाणे ठेवली, भरपूर पाण्याने धुतली, पीएच पट्टीने धुवणाचं पाणी साधारण सातवर आल्याची खात्री केली. धुवणाचं पाणी गटारात नाही, चुना टाकून वेगळ्या टाकीत. पाचव्या एल्बोवर पुन्हा फेरॉक्सिल केलं. कापूस पिवळाच राहिला, आणि मग ते द्रावणही धुऊन काढलं.

फ्लँज जोडताना एक बोल्ट अर्ध्यावर जाम झाला. स्टेनलेसवर स्टेनलेसचा आटा कोरडा फिरवला की तो असा चावतो की कापल्याशिवाय सुटत नाही. निकेल असलेलं अँटिसीझ, म्हणजे आटा चावू न देणारा लेप, लावायचं, हळू फिरवायचं. यावर आणखी लिहिण्यासारखं नाही. सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे एकदा तरी विसरतात.

हायड्रो टेस्टसाठी, म्हणजे पाण्याच्या दाबाखाली गळती तपासण्यासाठी, लाइन भरायला फायर हायड्रंटला होज जोडलेलीच होती. मी सहज बाटलीत नमुना घेतला: क्लोराइड १८० पीपीएम. स्टेनलेसच्या टेस्टला पन्नासच्या खालचं पाणी धरतात. इतक्याने लाइन लगेच बिघडणार नाही हे मलाही माहीत होतं. चालू लाइनमध्ये तर त्याच्या तिप्पट क्लोराइड असतं. पण चालू लाइनमधलं पाणी वाहतं. टेस्टचं पाणी खालच्या बिंदूंवर साचून राहतं, हळूहळू आटतं आणि क्लोराइड तिथेच घट्ट होतं. होज सोडवून बॉयलरकडचं डीएम, म्हणजे क्षार काढलेलं, पाणी ओढलं, त्यात चार तास गेले. डिझाइन प्रेशर ६ बार, म्हणून टेस्ट ९ बारला, म्हणजे दीडपट. पाइपिंगच्या कोडमध्ये, म्हणजे नियमावलीत, किमान दहा मिनिटं आहे, आम्ही अर्धा तास धरलं. गेजची सुई हलली नाही. नंतर लगेच निचरा आणि कोरडी हवा मारून लाइन सुकवली.

लाइन सुरू झाली. सहा महिन्यांनी एक स्पूल, म्हणजे लाइनचा सुटा होणारा तुकडा, उघडून आत पाहिलं. वेल्ड स्वच्छ, एल्बोच्या पाठीवर काही नाही.

मग मी गन घेऊन लाइनच्या खालच्या टोकाला गेलो, जिथे निचऱ्याच्या एक इंची दोन टी (तीन तोंडांचे जोड) आहेत, आट्याच्या. आधी तिथे हात पोचत नव्हता, मधे केबल ट्रे होता, म्हणून मी चोवीस एल्बो मोजले आणि या टी मोजल्याच नव्हत्या. मॉलिब्डेनम दोन्हींत ०.३. आटा म्हणजे फट, आणि तिथे वाल्व्ह बंद असताना पाणी थांबूनच असतं. पुढच्या शटडाऊनच्या यादीत पहिल्या ओळीवर त्या दोन टी आहेत. आट्याच्या नाहीत, बट वेल्डच्या, म्हणजे टोकाला टोक लावून वेल्ड करायच्या, मागवल्या आहेत. तोपर्यंत दर सोमवारी टॉर्च घेऊन त्यांच्या बुडाखाली बघून येतो.